नोंदवहींतलें नांव

चीन देशांत ख्रिस्ती लोकांस मोकळीक आहे कीं त्यांचा छळ होतो, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील उपदेशक बंधु वारंवार करितात, आणि त्याचें उत्तर एका शब्दांत मिळावें अशी त्यांची इच्छा असते. तसें उत्तर देतां येत नाहीं. त्या देशांतील नानजिंग शहरीं अमिटी या नांवाचा छापखाना आहे; तेथें छापलेल्या पवित्र शास्त्राच्या प्रतींची संख्या २०१९ सालीं वीस कोटींवर गेली, व त्यांतील पुष्कळ प्रती परदेशांतहि गेल्या आहेत. त्याच देशांत शान्सी प्रांतांतील लिनफेन येथें 'सुवर्ण दीपवृक्ष' या मंडळीचें प्रशस्त उपासनामंदिर जानेवारी २०१८ मध्यें सुरुंग लावून पाडण्यांत आलें. छापखाना सरकारच्या संमतीनें चालतो, आणि सुरुंगहि सरकारच्या हुकुमानेंच लागला.

मग भेद कशाचा? मुख्यतः नोंदवहीचा. ज्या मंडळीचें नांव सरकारी वहींत आहे, जिचा पाळक सरकारास मान्य आहे व जी ठरलेल्या जागीं ठरलेल्या वेळीं भरते, तिला उपासना करितां येते. ज्या मंडळ्या नांव नोंदवीत नाहींत त्यांस 'घरमंडळ्या' म्हणतात. त्या कोणाच्या माजघरांत, कोणाच्या भाड्याच्या खोलींत भरतात, आणि शेजाऱ्यानें तक्रार केली म्हणजे त्यांची पांगापांग होते. १ फेब्रुवारी २०१८ पासून याविषयींचे नियम अधिक कडक झाले. तथापि नोंद झाली म्हणजे सर्व भय गेलें असेंहि समजूं नये. २०१४ ते २०१६ या काळांत च-च्यांग प्रांतांत हजारांहून अधिक मंदिरांच्या माथ्यावरील क्रूस उतरविण्यांत आले. त्यांत रीतसर नोंदलेल्या मंडळ्यांचीं मंदिरें पुष्कळ होतीं. आणि अनेक ठिकाणीं दारावर अशी पाटी लागली आहे कीं अठरा वर्षांखालील मुलांनीं आंत येऊं नये. या एवढ्या अडचणींत, सरकारनें स्वतः २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पत्रकाप्रमाणें, तेथील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांची संख्या तीन कोटि ऐंशी लक्षांवर आहे. १९४९ सालीं ती दहा लक्षांच्याहि आंत होती.

आम्ही हें कोपरीहून लिहीत आहों. ठाण्याच्या स्टेशनाच्या पूर्वेस ही वस्ती आहे. एका अंगास लोहमार्ग, दुसऱ्या अंगास खाडी. फाळणीनंतर घरेंदारें सोडून आलेलीं सिंधी कुटुंबें येथें वसलीं, तेव्हांपासून तिची ओळख बदलली. परंतु खाडी जुनी आहे, आणि तिचा चीन देशाशीं एक संबंध आहे जो आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. १३२१ सालच्या एप्रिल महिन्यांत याच ठाणें शहरीं चार परदेशी ख्रिस्ती साधु मारले गेले. ते फ्रान्सिस्कन पंथाचे होते. त्यांतील मुख्य जो तोलेंतीनोचा थोमा, तो चीनकडे निघाला होता. जहाजानें त्यांस त्यांच्या मनाविरुद्ध ठाण्यास आणून सोडिलें. येथें त्यांस एका ख्रिस्ती घरीं आश्रय मिळाला. त्या घरांत नवराबायकोचें भांडण झालें, नवऱ्यानें बायकोस मारिलें, तिनें काजीकडे फिर्याद नेली, आणि साक्षीदार म्हणून या साधूंचीं नांवें सांगितलीं. साक्षीसाठीं बोलाविले असतां धर्माविषयीं विचारपूस निघाली, आणि त्यांत त्यांचे प्राण गेले. पुढें थोड्याच वर्षांत ओडोरिक नांवाचा त्यांचा एक बंधु येथें आला, व त्यांच्या अस्थि घेऊन समुद्रमार्गानें चीनच्या झैतून बंदरास गेला. तेथें त्या आपल्या पंथाच्या मठांत त्यानें ठेविल्या. अस्थींचें माहात्म्य मानणें हें आमच्या मंडळीच्या शिकवणुकींत नाहीं, तथापि ज्यास चीनला पोहोंचावयाचें होतें तो ठाण्याच्या मातींतून उचलला जाऊन अखेर पोहोंचला, ही गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाहीं.

ओडोरिक असें लिहितो कीं त्या वेळीं ठाण्यांत ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं. तीं रोमच्या मंडळींतलीं नसून इराणांतून आलेल्या जुन्या पूर्वेकडील मंडळींतलीं होतीं. सहाव्या शतकांतील कोस्मास या प्रवाशानें कल्लियाना या ठिकाणीं इराणांतून नेमलेला बिशप असल्याचें लिहिलें आहे, आणि पुष्कळ विद्वान् तें आपलें कल्याणच मानितात. त्याच मंडळीचा अलोपेन नांवाचा उपदेशक ६३५ सालीं चीनच्या राजधानीस गेला व बादशहानें त्याचें स्वागत केलें. ७८१ सालीं उभारलेला मोठा शिलालेख शिआन शहरीं आजहि पाहावयास मिळतो. एकाच झाडाच्या दोन फांद्या, एक आमच्या कोंकणपट्टींत व एक चीनच्या दरबारीं, अशा वाढल्या. दोन्ही वाळल्या. चीनांत ८४५ सालीं बादशहानें मठ मोडण्याचा हुकूम काढिला. त्याचा मुख्य रोख बौद्धांवर होता, परंतु बौद्धांची पाळें जमिनींत खोल गेलीं होतीं, ते तगले. ख्रिस्ती मठवासी थोडे, बहुतेक परदेशी, ते विखुरले. दहाव्या शतकाच्या अखेरीस चीनहून परतलेल्या एका ख्रिस्ती साधूनें बगदादेंत असें सांगितलें कीं त्या सर्व देशांत आपणांस एकच ख्रिस्ती मनुष्य भेटला. आणि ठाण्याचीं पंधरा घरें? आज ठाण्यांत ज्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत त्या पोर्तुगीजांच्या व इंग्रजांच्या काळापासूनच्या आहेत. त्या घरांपासून आलेल्या नव्हेत.

जी मंडळी राजाच्या मर्जीवर किंवा दूरदेशच्या पाठबळावर उभी असते ती मर्जी फिरली कीं पडते, हें यावरून सहज दिसतें. अर्वाचीन काळांतील मिशनऱ्यांनाहि हें दिसत होतें. रॉबर्ट मॉरिसन हा १८०७ सालीं चीनच्या कँटन शहरीं उतरला, आणि १८१३ सालीं अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले. त्याच बोर्डाचा पहिला मनुष्य १८३० सालीं कँटनला पोहोंचला. म्हणजे आमची मराठी मिशन ही त्या चिनी मिशनची वडील बहीण. परंतु त्या बहिणीच्या वांट्यास एक कलंक आला. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून जहाजें भरभरून चीनला जात असे, ती चीननें नाकारली म्हणून इंग्रजांनीं १८३९ ते १८४२ पर्यंत युद्ध केलें, आणि पुढें १८५८ च्या तहांत व्यापाराच्या कलमांबरोबर धर्मोपदेशाच्या मोकळिकीचेंहि कलम घातलें गेलें. चिनी मनुष्यानें तोफ, अफू आणि शुभवर्तमान हीं तिन्ही एकाच गलबतांतून उतरतांना पाहिलीं. १९०० सालच्या बंडांत पुष्कळ मिशनरी व हजारों चिनी ख्रिस्ती मारले गेले त्याचें मूळ या तिहेरी ओझ्यांत आहे. चिनी ख्रिस्ती मनुष्यास त्याचे शेजारी म्हणत कीं एक ख्रिस्ती वाढला म्हणजे एक चिनी कमी झाला. आमच्या खेड्यांतहि 'साहेबाचा धर्म' हा शब्द ऐकिला नाहीं असा उपदेशक विरळा.

या रोगावर औषध म्हणून जी तीन तत्त्वें पुढें आलीं, म्हणजे मंडळीनें आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा, व शुभवर्तमानाचा प्रसार आपण करावा, तीं प्रथम मांडणाऱ्यांत अमेरिकन बोर्डाचा चिटणीस रूफस अँडरसन हा होता. तो १८५४-५५ सालीं आमच्या मराठी मिशनच्या पाहणीस स्वतः आला होता. एतद्देशीय पाळक नेमावे, मंडळ्या त्यांच्या स्वाधीन कराव्या, असा त्याचा आग्रह होता. आग्रह झाला, अंमल सावकाश झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला तेव्हां अँडरसनच्या त्या आग्रहास साठ वर्षें उलटून गेलीं होतीं. टिळक १९१९ सालीं वारले. आपल्या मंडळ्यांनीं त्यांचीं भजनें घेतलीं. पगारावांचून उभें राहण्याचा त्यांचा हेका मात्र फारसा घेतला नाहीं, असें आम्हांस स्पष्ट म्हणावें लागतें.

चीनांत हीं तिन्ही तत्त्वें सरकारनेंच हातीं घेतलीं. १९४९ सालीं साम्यवादी राज्य झालें, आणि १९५० च्या उन्हाळ्यांत ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या सहीनें एक जाहीरनामा निघाला कीं चिनी मंडळी परदेशी सत्तेशीं आपला संबंध तोडील. त्यावर सुमारें चार लक्ष सह्या झाल्या असें सांगण्यांत येतें. काहींनीं मनापासून सही केली. खरोखर त्यांत खोटें असें थोडेंच होतें. काहींनीं भिऊन केली. पुढें सभा भरवून मिशनऱ्यांची व आपल्याच पाळकांची निंदा करविण्यांत आली. ज्यांनीं ज्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला त्यांनीं त्यांस देशद्रोही म्हटलें. आमच्या मतें पाप घडलें तें येथें. वहींत नांव लिहिण्यानें मंडळी भ्रष्ट होत नाहीं. भावाविरुद्ध खोटी साक्ष दिली म्हणजे होते.

पेकिंग शहरांत वांग मिंगदाव नांवाचा एक पाळक होता. त्याची मंडळी परदेशाचा एक पैसाहि घेत नसे. जें सरकार मागत होतें तें त्यानें स्वेच्छेनें पूर्वींच केलें होतें. तरी तो सरकारी संघांत जाईना. १९५५ सालीं त्यास धरिलें. वर्षभरानें त्यानें कबुलीजबाबावर सही केली व तो सुटला. परंतु घरीं त्याच्या जिवास चैन पडेना. ती सही त्यास खाऊं लागली. शेवटीं त्यानें ती मागें घेतली, आणि १९५८ सालीं पतिपत्नी दोघेंहि पुन्हां तुरुंगांत गेलीं. तो १९८० सालीं बाहेर आला. आंगणांत शेकोटीपाशीं बसून प्रभूस नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट ज्यानें शेंकडों वेळां शिकविली असेल, त्यास ती अशी आपल्या अंगावर वागवावी लागली. दुसऱ्या बाजूस बिशप दिंग ग्वांगशुन (१९१५-२०१२) याचें उदाहरण आहे. तो सरकारी संघांत राहिला, त्याबद्दल त्यानें पुष्कळ बोल सोसले. परंतु १९६६ पासून मंदिरें बंद राहून तीं १९७९ पासून पुन्हां उघडूं लागलीं तेव्हां नानजिंगची धर्मशाळा पुन्हां चालू करण्यांत आणि आम्हीं वर सांगितलेल्या अमिटीच्या कार्याचा पाया घालण्यांत त्याचा हात होता. खेड्यांतल्या एखाद्या म्हातारीच्या उशाशीं आज जें शास्त्र आहे तें बहुधा अमिटीनें छापलेलें, आणि तें तिला वाचून दाखविणारी सभा बहुधा वांगच्या वाटेनें जाणारी. या दोघांतून एकास निवडा असें कोणी आम्हांस म्हणेल तर आम्ही निवडणार नाहीं. दूर बसून दुसऱ्याच्या अग्नीची उष्णता मोजणें सोपें असतें.

आतां आमच्या घराकडे वळूं. चीनांत सह्या गोळा होत होत्या त्याच १९५० सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १० तारखेस आपल्या देशांत एक आज्ञापत्र निघालें. अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंखेरीज इतर धर्म मानणाऱ्यांस मिळणार नाहींत, असें त्यांत ठरलें. १९५६ सालीं शीखांस व १९९० सालीं बौद्धांस त्यांत घेण्यांत आलें. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच आहेत. या आज्ञापत्रानें कोणाची उपासना बंद केली नाहीं, कोणास तुरुंगांत घातलें नाहीं. चीनशीं त्याची बरोबरी करणें हा अतिरेक होईल. तथापि त्यानें प्रत्येक गरीब ख्रिस्ती बापापुढें एक रकाना ठेविला. मुलाचें नांव शाळेंत घालतांना 'धर्म' व 'जात' या शब्दांपुढें काय लिहावें? महार किंवा मांग वस्तींतून बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याची विहीर बाप्तिस्म्यानें बदलली नाहीं, मजुरीचा दर वाढला नाहीं. गांवानें त्यास जेथें ठेविलें होतें तेथेंच ठेविलें. शिष्यवृत्ति व वसतिगृहांतील जागा मात्र खऱ्या रकान्यानें जाते. म्हणून किती एक घरांत शाळेच्या वहींत एक नांव असतें व मंडळीच्या वहींत दुसरें. ही गोष्ट प्रत्येक उपदेशकास ठाऊक आहे. तिच्याविषयीं सभेंत कोणी बोलत नाहीं.

ज्यांचे आजे मिशनच्या बोर्डिंगांत फुकट शिकले व ज्यांचीं नातवंडें आज शहरांत चांगल्या पगारावर आहेत, ते या बापास ढोंगी म्हणण्यास फार लवकर पुढें येतात. आम्हांस तें रुचत नाहीं. पण उलट पक्षीं 'हा नुसता कागद आहे, देव अंतःकरण पाहतो' असें म्हणून विषय मिटविणेंहि आम्हांस पटत नाहीं. कागद नुसता असता तर चीनच्या सरकारास तो इतका हवासा कां झाला असता? आणि आपल्याच शेजारच्या वस्तीकडे पाहा. १९५१ च्या शिरगणतींत मुंबई इलाख्याच्या या मराठी मुलखांत बौद्ध म्हणविणारे दोनतीन हजारच होते. १९५६ सालीं नागपुरास डॉक्टर आंबेडकरांनीं दीक्षा दिल्यावर १९६१ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत सत्तावीस लक्षांहून अधिक लोकांनीं आपलें नांव बौद्ध म्हणून लिहविलें. मध्यवर्ती सरकारच्या सवलती जातात हें पुष्कळांस ठाऊक होतें, तरी लिहविलें. मग १९९० सालीं कायदा त्यांच्याकडे आला. त्यांच्या धर्माशीं आमचें मत जुळत नाहीं. त्यांच्या त्या रकान्यापुढें मात्र आम्ही टोपी काढितों.

पवित्र शास्त्रांत या प्रश्नावर दोन माणसें आहेत, आणि तीं दोघें दोन दिशांस तोंड करून उभीं आहेत. दानीएल हा राजाचा हुकूम निघाल्यावरहि खिडकी लाविल्याविना दिवसांतून तीन वेळां प्रार्थना करीत राहिला. आणि अरामाचा सेनापति नामान, यार्देनेंत बुडून शुद्ध झाल्यावर, अलीशाला काय विचारतो? माझा धनी रिम्मोनाच्या देवळांत जाईल, माझ्या हाताचा आधार घेईल, तेव्हां मलाहि वांकावें लागेल; याची क्षमा होईल काय? अलीशानें त्यास झिडकारलें नाहीं. शांतीनें जा, एवढेंच तो म्हणाला. वतनाच्या काळीं हाच प्रश्न आमच्या जुन्या उपदेशकांपुढें नित्य येई: गांवदेवाच्या पालखीपुढें हलगी वाजविणें हें ज्या घराचें काम, त्यानें बाप्तिस्म्यानंतर काय करावें? वाजवावी तर विश्वास डळमळतो, न वाजवावी तर बलुतें बंद. १९५८ च्या कायद्यानें तें वतन गेलें, रकाना राहिला.

नामानाच्या गोष्टींत आम्हांस एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट दिसते. तो विचारतो. अजून घरीं गेलेला नाहीं, वांकलेला नाहीं, आणि संदेष्ट्यापुढें सर्वांदेखत आपली अडचण उघडी करितो. त्यानें तें लपविलें असतें तर अलीशाला शांतीचा शब्द बोलण्यास जागाच राहिली नसती. आमच्या मंडळ्यांतील खरें दुखणें रकान्यांत जितकें नाहीं तितकें या लपवालपवींत आहे, असें आमचें मत आहे. सहा वर्षांच्या मुलास घरीं सांगावें लागतें कीं शाळेंत अमुक म्हण व रविवारीं तमुक म्हण. मुलाला विषय कळत नाहीं, पण दोन नांवें ठेवण्याची संवय लागते. आणि ती पुढें धर्माच्या रकान्यापुरती राहत नाहीं. चीनांत कित्येक ठिकाणीं मुलांस मंदिराच्या दाराशीं अडविलें जातें, पण बाहेर उभ्या राहिलेल्या त्या मुलास निदान एवढें कळतें कीं आपलें नांव काय.

तर मग खरें लिहावें, आणि नुकसान सोसावें? होय. खोटा दाखला काढणें हें आपल्या राज्याच्या जातप्रमाणपत्राच्या कायद्यानेंहि गुन्हा आहे, हें वेगळेंच. कायदा अन्यायाचा वाटतो तर त्याविरुद्ध उघड दाद मागावी. पौलानेंहि कैसराकडे दाद मागितली होती, आणि आपल्या लोकांनीं याविषयीं न्यायालयांत व सरकारदरबारीं पुष्कळ वर्षें ती मागितली आहेच. पण हें 'होय' म्हणण्याचा अधिकार कोणास? नुकसान एकट्या बापानें सोसावें आणि मंडळीनें उपदेश तेवढा करावा, असें ज्या मंडळींत आहे तिला हा अधिकार नाहीं. स्वावलंबन या शब्दाचा अर्थ आम्ही आजवर पाळकाचा पगार व मंदिराचीं कौलें एवढाच घेतला. चिनी घरमंडळ्यांनीं तो अधिक खोल घेतला. तेथील लोक आपल्या खेड्यांतील मंडळीविषयीं म्हणत कीं तींत म्हाताऱ्या फार, बाया फार, निरक्षर फार, आजारी फार. आणि अशाच माणसांनीं परदेशाचा पैसा, पगारी पाळक, इमारत यांपैकीं कांहीं नसतां एकमेकांस धरून ठेविलें. परदेशी देणग्यांविषयींचे नियम आपल्या देशांतहि २०१० च्या व त्यानंतर २०२० च्या कायद्यानें आवळले गेले आहेत, तेव्हां बाहेरून पैसा येईल व मुलांच्या शिक्षणाची सोय होईल या भरंवशावर बसण्याचे दिवस तसेहि राहिले नाहींत.

जून महिन्यांत शाळा उघडतात. त्यापूर्वीं मंडळीच्या पंचांची जी बैठक भरेल तींत हा एक विषय घ्यावा. ज्यांच्या घरीं यंदा शाळेंत जाणारें मूल आहे त्यांची यादी करावी. खरें लिहिल्यास कोणाची कोणती सवलत जाईल, फी किती, वह्यापुस्तकें किती, वसतिगृहाचा खर्च किती, हें त्यांच्याच तोंडून ऐकून एका कागदावर मांडावें. सुगीच्या अर्पणांतून व घरोघरच्या मूठभर धान्यांतून त्यांतलें किती उचलतां येईल तें पाहावें. कोणास काय उपदेश करावयाचा तें त्यानंतर ठरवावें.